उलट्या पायांच्या अनुसयाबाई

यंदाच्या हंगामात मी तीन जत्रांत उलट्या पायांची हडळ बघितली. तिन्ही चोरीच्या. एका ठिकाणी तर भोंग्यावर रेकॉर्ड चालू होतं, ‘महाराष्ट्रात पहिल्यांदाच! ओरिजिनल!’ मी तिकीट काढून आत गेलो, चुलीपाशी पाठमोरी उभी असलेली बाई बघितली, बाहेर आलो आणि त्या मालकाची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. माझं वय साठीला आलं, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण ‘ओरिजिनल’ हा शब्द मला सोसला नाही. तो मालक कॉलर सारखी करत म्हणाला, “शेठ, पेटंट घेतलंय का तुम्ही?”

घेतलेलं नाही. म्हणून हे लिहून ठेवतो. उलट्या पायांची हडळ पाथर्डीकडच्या अनुसयाबाईंची. सोळा वर्षं ती फक्त माझ्या भूतबंगल्यात होती. ती सगळ्या जत्रांत फुकट कशी वाटली गेली तेही मला माहीत आहे, कारण मी तिथंच उभा होतो आणि मला ते थांबवता आलं नाही.

मी राहुरीचा. जत्रेतल्या पाळण्याला हातानं धक्का मारण्यापासून सुरुवात केली. श्रीरामपूरचा एक म्हातारा आपला भूतबंगला मोडीत काढत होता. त्याच्या ओट्यावर तीन दिवस बसून मी तो पदरात पाडून घेतला. पत्रे, ताडपत्री, अंधाऱ्या बोळाची तीन वळणं, तारेवर नाचणारा सांगाडा आणि झाकण उघडणारी एक पेटी, एवढाच माल. दर्शनी बोर्ड नगरच्या याकूबभाई पेंटरनं रंगवलेला. काळ्या झग्यातला पांढराफटक माणूस, ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेले दोन सुळे, हनुवटीवर रक्ताचा ओघळ. पेटीतून उठायला मी एक बाई ठेवली होती, ती ऐन जत्रेत लग्न करून निघून गेली. दुसरी पाहिजे म्हणून सांगून ठेवलं होतं.

दुपारी बाराच्या उन्हात अनुसयाबाई आल्या. उंच, वाळलेल्या, चाळिशीच्या. दोन्ही हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. उसतोडीला जाणारं माणूस मी हातावरून ओळखतो.

“काम काय हाय?” त्यांनी विचारलं.

“भूत व्हायचं.”

“कंचं?”

आजवर कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, “कुठलं म्हणजे?”

“मुंजा, हडळ, गिऱ्हा, झोटिंग. लई परकार हायेत. मुंजा मला जमायचा न्हाई, माजं लगीन झालं हुतं.”

याकूबभाई शिडीवर बसून बोर्डावरचं रक्त ताजं करत होता. तो हसायला लागला. “खवीस राहिला ना बाई. खवीस म्हणजे आमच्यातला, असं लोक म्हणतात. मेल्यावरसुद्धा दाखला लागतो.”

“आन् ह्यो कोन?” बाईंनी बोर्डाकडे हात केला.

याकूबभाईनं उमेदीच्या काळात नगरच्या वाचनालयातली भुताखेतांची सगळी पुस्तकं वाचली होती. त्यानं ब्रश खाली ठेवून सगळं समजावलं. हा परदेशातला सरदार. मेलाय पण मेला नाही. दिवसा पेटीत झोपतो, अंधार पडला की माणसांचं रक्त पितो. आरशात दिसत नाही. लसणाला भितो. आणि घरातल्यांनी ‘या’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

“लसनाला भितो?” बाईंनी डोळे बारीक केले. “मंग आमच्याकडं पहिल्याच घरात ठेचा बघून मरंल की.” थोडा विचार करून म्हणाल्या, “पर बोलावल्याबिगर येत न्हाई म्हंजी मुकादमापरीस बराच म्हनायचा.”

याकूबभाई शिडीवरून पडता पडता राहिला.

मग मी दर सांगितला. मी नेहमी अर्धाच सांगतो, कारण समोरचा वाढवतोच. बाई म्हणाल्या, “बरं.” एवढंच. माझी तयारी सगळी वाया गेली. मी बावचळलो आणि आपणहून वाढवला. आयुष्यात असं एकदाच झालंय. पैशाचं मिटल्यावर त्यांनी खरा सौदा काढला. गरोदर बाईला आत सोडायचं नाही. लेकरू कडेवर असेल तिलाही नाही. “आन् कुनी मला हात लावला तर मी त्याच्या कानफटात देनार. तवा मदी पडायचं न्हाई.” मी तासभर घासाघीस केली. लेकुरवाळ्या बाया सोडल्या तर माझ्या गिऱ्हाइकात उरतं काय? एकही कलम हललं नाही.

तिसरं कलम आठवड्याभरातच अमलात आलं. एका पिऊन आलेल्या पुढाऱ्यानं आत बाईंचा हात धरला, आणि बोळातून टिकली फुटल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, आता भूतबंगला पेटवतात. पण तो गडी गाल धरून बाहेर आला आणि वर्षभर गावाला सांगत हिंडला की मला हडळीनं मारलं, बोटं बघा. पुढल्या वर्षी बायकोला घेऊन आला, जागा दाखवायला.

मुंबईहून आणलेले प्लॅस्टिकचे सुळे मी त्यांना दिले. त्यांनी ते तोंडात बसवले, आरशात बघितलं आणि काढून माझ्या हातावर ठेवले. “ह्यानं बोलता येत न्हाई.”

“भुताला कशाला बोलायचंय?”

“मंग त्ये आलंय कशाला?”

तीन दिवस त्या नुसत्या बोळात स्टुलावर बसून लोकांकडे बघत राहिल्या. मी दात खात होतो, कारण पगार चालू होता. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “शेठ, तुमचं समदं भूत पुडून येतंय. पुडून आलेल्याला मानूस शिवी देतो नि हसतो. पाठमोऱ्या बाईला काय म्हननार?”

त्यांनी जे उभं केलं ते असं. शेवटच्या वळणावर एक चूल. चुलीवर पातेलं, वर एकच मिणमिणता बल्ब. चुलीकडे तोंड करून एक बाई उभी. माणसांना दिसते ती फक्त पाठ, मोठा अंबाडा, त्यावर गजरा, आणि पळीचा आवाज. सांगाडा आणि पेटी बघून हसत आलेले लोक इथं जरा सैल व्हायचे. कुणाला तरी वाटायचं, मालकाच्या घरचं कुणी स्वयंपाक करतंय, आपण चुकून मागच्या दारानं आलो. मग ती बाई मान न वळवता, अगदी घरच्या आवाजात म्हणायची, “आलात व्हय? हातपाय धुवून घ्या. भाकरी टाकते.” त्याच वेळी दुसरा बल्ब लागायचा, खाली, जमिनीलगत. पाठ तिकडे, आणि पावलं तुमच्याकडे. जोडव्यांची बोटं तुमच्याकडे. आणि ती तशीच, पाठमोरी, तुमच्या दिशेनं एक पाऊल टाकायची.

वांबोरीचा एक पैलवान माझी ताडपत्री फाडून गेला. चपला राहिल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या पुसून तिकीटखिडकीपाशी ठेवल्या, पण तो न्यायला आला नाही.

त्यातलं गुपित इतकं साधं होतं की मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा राग आला. बाईंचं तोंड लोकांकडेच असायचं. चोळी उलटी घातलेली, लुगडं उलटं नेसलेलं, सगळे केस पुढे घेऊन तोंडावर पसरलेले आणि कपाळावर खोटा अंबाडा बांधलेला. हात पाठीमागे नेऊन त्या न बघता पातेल्यात पळी फिरवायच्या. पाय जागच्या जागी, देवानं दिलेले तसेच. लोकांच्या डोक्यात बाईची पाठ एकदा बसली की उरलेलं लोक स्वतःच करायचे. माझ्या धंद्यातल्या कुणालाही हे बाहेरून ओळखता आलं नाही. नाशिककडचा एक जण यांत्रिक पाय असतील समजून पुण्याच्या कारखान्यात चौकशी करून आला.

कामाच्या आधी त्या अर्धा तास पाय घासायच्या, विटकरीच्या तुकड्यानं. “लोक त्वांड बघत न्हाईत, पाय बघत्यात.” विधवा असल्यानं एरवी जोडवी नसत. ती काडेपेटीत ठेवलेली असत, कामापुरती बोटांत जात आणि काम संपलं की परत काडेपेटीत. केस वर बांधून आधी पाय धुवायच्या, मग तोंड, मग गुळाचा कोरा चहा. तोवर कुणाशी बोलायच्या नाहीत. मोबाईलवर भुतांच्या मालिका आवडीनं बघायच्या आणि प्रत्येक भागाला नावं ठेवायच्या. “मरून धा वर्सं झाली बया, तरी लिपिस्टिक गेली न्हाई. आन् उगंच हसती. मेलेली बाई हसाया येत न्हाई, शेठ. काय तरी काम ऱ्हायलेलं असतं म्हनून येती.”

मी एकदा विचारलं होतं, भुतावर विश्वास आहे का. त्या म्हणाल्या, “हायेत की. पर माज्या वाटंला जात न्हाईत.”

त्यांच्या घरचं मला तुटक तुटक कळलं. नवरा उसाच्या फडावर तापानं गेला. त्या साली दिराची म्हैस आटली आणि जावेचं मूल राहिलं नाही. घरानं आणि मग गावानं ठरवलं, ही हडळ आहे. पाण्यावर जाताना बाया लेकरं पदराखाली घ्यायच्या. हे त्यांनी मला कधी रडून सांगितलं नाही. एकदा चिडून मी म्हणालो, मी तुम्हाला उभं केलं, नाहीतर तुम्हाला कोण विचारत होतं? त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, “गावानं मला फुकाट हडळ केलं हुतं, शेठ. तुमी तिकीट लावलं. एवडंच तुमचं माज्यावर उपकार.”

मी उठून तिकिटांची गड्डी मोजायला घेतली.

आता कोल्हारचं. ती माझी खरी तक्रार, आणि खरं सांगायचं तर याच एका गोष्टीसाठी मी इतकं सगळं लिहिलं.

जत्रेचा शेवटचा दिवस होता, दुपारचे चार. तिकीटखिडकीपाशी तिघं जण आली. सासू, मुलगा आणि सून. सून विशीची असेल. नाव कमल. सासूनं तिचं मनगट घट्ट धरलेलं होतं, आणि तीच बोलत होती. चार महिन्यांपूर्वी सुनेचं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून ही बोलत नाही, दारात बसून राहते, अंगात हडळ शिरलीय. देवऋषी म्हणतो, उद्याच्या अमावस्येला साखळीनं झोडपून काढावी लागंल. पण त्याआधी शेजारणीनं सुचवलं की जत्रेत मोठी उलट्या पायांची हडळ आलीय, ती एकदा दाखवा. मोठी दिसली की बारकी भिऊन पळंल.

“आज न्हाई उतरलं तर उंद्या साखळी,” सासू म्हणाली, “आन् साखळीनं न्हाई उतरलं तर बापाच्या दारात सोडून येनार. मला माझं घर बघाया पायजे.”

मुलगा खाली बघत उभा होता. मी काय केलं ते लिहितो, लपवत नाही. एकट्या सुनेला आत सोडायचं म्हणजे बाकीची रांग थांबवावी लागणार, म्हणून मी तिप्पट दर सांगितला. सासूनं दुप्पट म्हटलं. अडीचवर तुटलं. सुनेला आत सोडलं. सासू दोरीपलीकडून बघत राहिली.

मी मागच्या फटीतून बघत होतो. कमल सांगाड्याखालून सरळ चालत गेली. पेटीचं झाकण उघडलं, तिनं बघितलंही नाही. चुलीपाशी पोहोचली. बाई म्हणाल्या, “आलात व्हय? हातपाय धुवून घ्या. भाकरी टाकते.” खालचा बल्ब लागला.

कमलनं पायांकडे बघितलं. मग पळीच्या आवाजाकडे बघितलं. आणि म्हणाली, “तुमी बसा. दमला असाल. मी टाकते.”

पळी थांबली.

चार महिन्यांतलं ते तिचं पहिलं बोलणं होतं. बाहेर सासूनं ते ऐकलं आणि किंचाळली, “बोलली गं बाई! भुतासंगं बोलली! भ्याली न्हाई!” रांग मोडून माणसं दोरीपाशी आली. कुणी म्हणालं, हडळीला हडळ भेटली. कुणी म्हणालं, न भिणारी ती हडळच. कमल बोळातून बाहेर आली तर लोक मागे सरले आणि एका बाप्यानं पायातला जोडा हातात घेतला. “त्वांडात चप्पल द्या तिच्या, मंग आतली हडळ नाव सांगंल!” सासूनं सुनेचं मनगट सोडून दिलं. ते मला अजून दिसतं. इतका वेळ धरलेलं मनगट तिनं चटका बसल्यासारखं सोडलं.

तेवढ्यात, खिडकीपासूनचं सगळं बोलणं ताडपत्रीआडून ऐकलेल्या अनुसयाबाई बोळातून बाहेर आल्या. दिवसाढवळ्या, त्याच वेशात. पाठमोऱ्या, आणि पावलं लोकांकडे. शे-दोनशे माणसं एका आवाजात ओरडली. पाळण्यावरची माणसंसुद्धा वरून ओरडायला लागली. मला कळलं काय होणार ते. मी धावलो. “बाई, आत व्हा! बाई, माझा धंदा!” असं मी ओरडलो. खोटं का सांगू, हेच शब्द ओरडलो.

बाईंनी कमलचा हात धरला, तिकीटविक्रीच्या टेबलावर चढल्या, आणि दोन्ही हातांनी तोंडावरचे केस बाजूला केले.

घामानं निथळलेलं, कपाळावर दोरीचा वळ उठलेलं एक साधं तोंड. लोकांना क्षणभर कळेना की बाई वळली कधी.

“बगा नीट,” बाई म्हणाल्या. “चोळी उलटी हाय, पाय सुलट हायेत. अनुसया माजं नाव. पाथर्डीकडची. बारा वर्सं ऊस तोडलाय, सोळा वर्सं भूत झाले. कुनाला हात लावून बगायचं असंल तर या.” कुणी आलं नाही. त्यांनी कपाळावरचा अंबाडा उपटून काढला, गजऱ्यासकट, आणि खाली वाकून सासूच्या हातात दिला. “घ्या. ही तुमची मोठी हडळ. दर शनिवारी हिला त्याल लावते मी.”

मागून कुणी तरी खुदकन हसलं. बाईंनी तिकडे बघितलं, तेही थांबलं.

“आता ह्या पोरीचं. पाच पैलवान माजी भाकरी ऐकून पळाले. ह्या पोरीला काय दिसलं ठावं हाय? चुलीपाशी उभी असलेली दमलेली बाई दिसली. तिला म्हनली, तुमी बसा, मी टाकते. लेकरू गेलंय तिचं. चार महिन्यांत घरात तिला कुनी म्हनलं का, तू बस?”

सासू अंबाडा हातात धरून उभी होती. तो ठेवायचा कुठं, टाकायचा का, तिला कळेना. जोडा काढलेल्या बाप्यानं तो खाली टाकून हळूच पायात सरकवला. इतका वेळ गप्प असलेला मुलगा पुढे आला. आत जाताना सासूनं कमलच्या चपला खिडकीपाशी काढायला लावल्या होत्या, त्या त्यानं उचलल्या, तिच्या पायांपुढे ठेवल्या आणि म्हणाला, “चल, घरी जाऊ.” आईकडे न बघता म्हणाला, “साखळी-बिखळी काय न्हाई.”

ते गेल्यावर मी तोंड सोडलं. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पन्नास मोबाईल वर झालेले होते, त्या रात्रीत माझं गुपित जिल्हाभर जाणार होतं, आणि गेलंच. बाई ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “तिकिटं कोन परत मागतंय का बगा. मी पाय धुवून येते.” त्या दिवशी तिकीट कुणी परत मागितलं नाही, हेही सांगायला हवं.

हंगाम संपला आणि त्या परत आल्या नाहीत. दोन निरोप धाडले, उत्तर नाही. शेवटी मी स्वतः पाथर्डीच्या जीपमध्ये बसून गेलो. मनात आकडा पक्का केला होता, निम्मी भागीदारी. सख्ख्या भावाला मी कधी निम्मी दिली नसती.

वस्तीवर दोन खणांचं घर, पुढे लिंबाचं झाड. बाई दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. मी बोलायला लागलो तोच मागून दुसरी जीप आली. तीतून एक सासू उतरली, आणि डोक्यावर पदर ओढलेली, कुणाकडेही न बघणारी एक सून. कोल्हारची गोष्ट मोबाईलवरून कुठंकुठं पोहोचली होती, ते मला तेव्हा कळलं.

बाईंनी सासूला झाडाखाली बसायला सांगितलं. सुनेच्या खांद्यावर पिठाचाच हात ठेवला आणि तिला घरात घेतलं. मी म्हणालो, “बाई, माझं ऐकून तर घ्या. निम्मी.”

“शेठ, तुमी बी हितंच बसा,” त्या म्हणाल्या. “येळ लागंल.” आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मी चिडलो होतो. उठून निघून जायचं मनात आलं, पण परतीची जीप तासाभरानं होती. बसलो. आतून सुरुवातीला काहीच ऐकू येईना. बऱ्याच वेळानं परातीवर भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, आणि तो हात अनुसयाबाईंचा नव्हता. मधूनच एक बारीक, नवा आवाज काही तरी विचारत होता.

त्या भेटीनंतर मी त्यांना बघितलं नाही. गेल्या वर्षी त्या गेल्याचं कळलं, तेही उशिरा. वस्तीवर त्या दिवशी दार उघडायच्या आधी माझी जीप आली. मी उठलो तेव्हा शेजारी बसलेल्या सासूनं मला विचारलं, “ह्या बाई तुमच्या कोन?”

निम्मी भागीदारी देऊन न मिळालेली माणसं कोण लागतात, हे मला सांगता येईना. मी म्हणालो, “आमच्या बाई हायेत.” आणि दाराकडे बोट दाखवून जरा मोठ्यानंच म्हणालो, “सोळा वर्षं आमच्याकडं हुत्या.”

ती सासू सावरून बसली आणि तिनं माझ्यासाठी झाडाच्या सावलीत जागा केली. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानंच जा म्हणून खुणावलं, आणि पुढची जीप येईपर्यंत तिथंच बसलो.